बेबीनंदाच्या फोटोपुढचं पाणी

सत्यशीला धामणवाडीला आली ती चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात. केदारखेड्याला एस.टी.तून उतरायचं आणि पुढं मिळेल त्या बैलगाडीनं जायचं, असं ते गाव. सोबत पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि वडील. वडील, रामकिसन मास्तर, टेंभुर्णीकडं एका शाळेवर शिकवत. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्यांपैकी ते एक. बोलणं कमी. गाडीवान बिडी पेटवायला खाली उतरला तेव्हा ते मुलीला हळूच म्हणाले, "नोकरीला चाललीस. कुणाच्या उपकारात राह्यला न्हाई. एवढं ध्यानात ठेव."

नोकरी होती जीवनज्योत सेवा मंडळात. मंडळ काकासाहेबांनी काढलेलं. काकासाहेब म्हणजे गावातलं मोठं घराणं. निजामाच्या राज्यात तुरुंग भोगून आलेले, अंगात कायम खादी. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी गावाबाहेरची स्वतःची जमीन दिली, पत्र्याचं लांबलचक सभागृह बांधलं, शेजारी स्वयंपाकघर, मागं दोन खोल्या. दोन साल त्या सभागृहानं पाच गावांची पोरं जगवली, हे खरंच होतं. दुष्काळ सरला, पण भूक काही पुरती सरली नाही, म्हणून मंडळही चालू राहिलं. पोरांना दुपारी दलिया, अंगावर पाजणाऱ्या बायांना दूध, महिन्याला वजन, साधी औषधं. या कामासाठी मॅट्रिक झालेली बौद्ध मुलगीच पाहिजे, असं काकासाहेबांनी मुद्दाम कळवलं होतं.

"आमच्याकडं भेदभाव बिलकुल नाही, मास्तर," ते म्हणाले. "आधीची सेविकाही तुमच्याच समाजाची होती. या, दाखवतो."

सभागृहात समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. चंदनाचा हार घातलेला. विशीबाविशीची मुलगी, दोन वेण्या पुढं घेतलेल्या, फोटोवाल्यानं हसू नको म्हटल्यामुळं ओठ दाबून धरलेले. खाली पाटी: 'कै. बेबीनंदा. सेवा करता करता देह ठेवला.' आणि फोटोखाली एका स्टुलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी पेला.

रामकिसन मास्तरांनी ती पाटी दोनदा वाचली. कैलासवासी. बौद्ध मुलीला.

"कशानं गेली?" त्यांनी विचारलं.

"ऊन," काकासाहेब म्हणाले. "गेल्या वैशाखातलं ऊन म्हणजे काही विचारू नका. स्वतःकडं बघायचीच नाही पोरगी. कामापुढं तहान नाही, भूक नाही." त्यांचा आवाज भरून आला, आणि तो खोटा भरून आला नव्हता.

मास्तर त्याच गाडीनं परत गेले. सत्यशीलाला मागची एक खोली मिळाली. बेबीनंदाचीच. भिंतीवर उशाच्या बाजूला तेलकट गोल डाग होता; कुणीतरी रोज तिथं डोकं टेकून बसत असावं. सत्यशीलानं त्यावर चुना फासला. दोन दिवसांत तो परत वर आला. तेलाचा डाग चुन्यातून वर येतोच, हे तिला माहीत होतं. तरी तिनं खाट दुसऱ्या भिंतीला लावली.

*

मंडळात कुणी तिला वावगा शब्द बोललं नाही. बोलायची वेळच येऊ नये अशी तिथली मांडणी होती. स्वयंपाकघर द्वारकाबाईंच्या ताब्यात. पन्नाशीच्या, विधवा, काकासाहेबांच्या दूरच्या नात्यातल्या. त्यांच्या हाताखाली गावातल्या दोघीजणी. स्वयंपाकघराच्या दाराशी मोठी लोखंडी टाकी होती. काकासाहेबांच्या विहिरीवरून बैलगाडीवरच्या पिपानं पाणी यायचं आणि त्या टाकीत पडायचं. टाकीला नळ होता, पण नळाला हात द्वारकाबाईंचाच. सत्यशीलानं तांब्या घेऊन जायचं, उंबऱ्याच्या अलीकडं ठेवायचा, दोन पावलं मागं सरायचं. द्वारकाबाई वरून धार धरायच्या. तिची थाळी ओसरीतल्या कोनाड्यात वेगळी. कोनाडा तिच्या येण्याआधीच सारवून ठेवलेला होता.

पोरांचंही तसंच. गावातली पोरं सभागृहात बसत. बौद्धवाड्यातली ओसरीवर. गाव त्या वस्तीला अजून जुन्याच नावानं हाक मारायचं.

"आत जागा पुरत न्हाई, बाई," पहिल्याच आठवड्यात द्वारकाबाई म्हणाल्या. सत्यशीलानं आत पाहिलं. निम्मं सभागृह रिकामं होतं, आणि भिंतीवरून बेबीनंदा त्या रिकाम्या जागेकडं ओठ दाबून बघत होती.

तिला सगळ्यात जास्त खटकायचा तो पेला. रोज सकाळी आंघोळ करून द्वारकाबाई तो घासून लखलखीत करायच्या, ताजं पाणी भरायच्या आणि फोटोपुढं ठेवून हात जोडायच्या. संध्याकाळपर्यंत त्यातलं पाणी पार खाली गेलेलं असायचं. पत्र्याखालची धग होती, चिमण्या आत शिरायच्या. पण स्वयंपाकघरातल्या बायका असलं काही मानायला तयार नव्हत्या.

"बेबी येती," त्यातली एक म्हणाली. "भर बाराला येती. पाणी पिऊन जाती."

"असलं काही नसतं," सत्यशीला म्हणाली. घरात तिला हेच शिकवलेलं होतं.

"नसंल," ती बाई म्हणाली, "पर बाराला तुमी सभागृहात जाऊ नका, बाई."

चैत्र तापू लागला तशी दुपार जड झाली. पोरं जेवून गेली की सगळं चिडीचूप. पत्रे तापून मधूनच तडकल्यासारखे वाजत. एका अशाच दुपारी सत्यशीला औषधाची बाटली न्यायला स्वयंपाकघराच्या मागून चालली होती. आतून द्वारकाबाईंचा आवाज आला.

"थांब गं जरा. देते. पंगत उठू दे."

कुणी आलं असेल म्हणून तिनं खिडकीतून पाहिलं. आत दुसरं कुणी नव्हतं. द्वारकाबाई चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या आणि दाराकडं पाठ. दार सताड उघडं. दारात ऊन.

"थांब म्हणलं ना," त्या परत म्हणाल्या. या वेळी आवाज रडवेला होता.

सत्यशीला पाय न वाजवता मागं फिरली. त्या दिवसापासून तिला दुपारची झोप येईना. खोलीत पडलं की बाहेरच्या ओसरीवर कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटायचं. बांगडी वाजायची नाही, पाऊल वाजायचं नाही. नुसतं कुणीतरी वाट बघत बसलंय असं वाटायचं. उठून पाहिलं की ओसरी मोकळी. एकदा तिला स्वतःलाच तहान लागली होती. तांब्या रिकामा होता आणि द्वारकाबाई झोपल्या होत्या. टाकी समोर होती. हात केला तर नळ. ती ओसरीच्या पायरीवर बसून राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की ज्याची भीती वाटत होती ते माणूस या घडीला तीच आहे. पायरीवर बसून पाण्याची वाट बघणारी.

*

बौद्धवाड्यात वजनं घ्यायला ती दर आठवड्याला जायची. तिथं मालनबाई होत्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या, तोंड फटकळ. सत्यशीलानं त्यांच्या नातीचं वजन घेतलं, आणि पोरीला परत त्यांच्या मांडीवर देता देता विचारलं, "मावशी, बेबीनंदा ऊन लागूनच गेली का?"

मालनबाई नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

"उनानंच गेली," त्या म्हणाल्या. "पर ऊन तर समद्यांवरच पडत होतं."

मग त्यांनी सांगितलं. बेबीनंदा कामाला लागली तेव्हा नवी होती, हसरी होती. एकदा पोरगं चक्कर येऊन पडलं म्हणून तिनं धावत जाऊन टाकीतून स्वतःच पाणी घेतलं. पोरगं सावध झालं. पण दुसऱ्या दिवशी गावातून बोलणं आलं, आणि ती टाकी रिती करण्यात आली. अख्खी टाकी. दुष्काळात, जेव्हा माणसं घोटा-घोटाला महाग झाली होती. सगळं पाणी अंगणात सोडून दिलं आणि टाकी राखेनं घासली.

"आम्ही हितून पाहून राह्यलो होतो," मालनबाई म्हणाल्या. "पाणी वाहत वाहत बाभळीपस्तोर गेल्तं. कुत्रे येऊन चाटत होते. बेबी तिथं उभी होती. तिला कुणी काही बोललं न्हाई. कुणी शिवी दिली न्हाई. नुस्तं तिच्यासमोर पाणी वतलं. त्या दिसापून तिनं टाकीला हात लावला न्हाई. मला म्हणली, मावशी, माझ्या हातामुळं लेकरांचं पाणी गेलं."

"आणि मग?"

"मंग वैशाखात जालन्याहून मोठी माणसं आल्ती, मंडळ बघायला. सभागृहात पंगत बसल्ती. बेबी दोन वाड्या हिंडून वजनं घेऊन आली, भर बाराला. ओसरीवर बसून पाणी मागितलं. पंगत उठू दे म्हणले. परत मागितलं. परत तेच. मंग तिनं कळशी उचलली न् नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर गेली." मालनबाईंनी नातीला छातीशी धरलं. "संध्याकाळी मी पाण्याला गेले तवा मला घावली. झिऱ्यात तोंड करून पालथी पडल्ती. झिरा कोरडा होता. नखात वाळू होती."

सत्यशीला वजनाचा काटा तसाच टाकून बसून राहिली. सभागृहातला तो फोटो, तो हार, आणि तिच्यासाठी रोज भरून ठेवलेलं पाणी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. जिवंतपणी जी ओसरीच्या आत गेली नाही ती मेल्यावर सभागृहाच्या मधोमध लागली होती.

तिनं वडिलांना कळवायचं ठरवलं आणि मग बेत बदलला. कळवलं असतं तर ते तिला घेऊन गेले असते, आणि काकासाहेबांनी तिसरी मुलगी आणली असती.

*

वैशाखात बेबीनंदाचा पहिला स्मृतिदिन आला. काकासाहेबांनी मोठा घाट घातला. जालन्याहून पाहुणे, मंडळाला मदत करणारे व्यापारी, एक-दोन शिक्षक. सत्यशीलानं दोन शब्द बोलावेत असं त्यांनी सुचवलं.

"मंडळ म्हणजे एक कुटुंब आहे, हे तुझ्या तोंडून आलं तर वेगळंच वजन पडेल," ते म्हणाले.

"बोलते," सत्यशीला म्हणाली. "पण तिच्या आईला बोलवा, काकासाहेब. कुटुंब आहे तर आई पाहिजे."

काकासाहेबांना ते मनापासून पटलं. त्यांनी भोकरदनकडं गाडी धाडली. साडीचोळी आणून ठेवली.

बेबीनंदाची आई तुळजाबाई सकाळी आली. काळी, काटकुळी, डोक्यावरचा पदर दातात धरलेली. सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. तिच्यासाठी कुणी खुर्ची दाखवली नाही, आणि ती आपसूक ओसरीच्या पायरीवर बसली. सत्यशीला तिच्याजवळ गेली.

"आई, आत चला. समोर बसा."

"हितंच बरं हाय, बाई," तुळजाबाई म्हणाली. "हितून दिसती ती."

सत्यशीलानं काकासाहेबांना जाऊन सांगितलं. ते पाहुण्यांना फोटो दाखवत होते. "बसू दे त्यांच्या सोयीनं," ते म्हणाले. "सत्काराच्या वेळी आत बोलावूच की."

कार्यक्रम लांबला. व्यापारी बोलले, शिक्षक बोलले. ऊन चढत गेलं. काकासाहेब उभे राहिले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. ते चांगले बोलायचे. समतेवर बोलले, माणुसकीवर बोलले. "ही मुलगी आमच्यातलीच एक होती," ते म्हणाले आणि थोडं थांबले.

त्या थांबण्यात ओसरीवरून आवाज आला. मोठा नव्हता. अजिजीचा, थोडा घोगरा.

"ताई, पाणी भेटंल का?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मोठं पातेलं असावं. दलिया फरशीवर पसरल्याचा फसफस आवाज सभागृहात ऐकू आला. मग द्वारकाबाईंची किंकाळी. "आली! आली गं माय!"

सत्यशीलानं काकासाहेबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. एका हातानं त्यांनी टेबलाची कड धरली होती. तिला त्या क्षणी कळलं की हा आवाज त्यांनीही ओळखला. मागच्या वर्षी, याच जागी, पंगतीत बसलेले असताना तो त्यांनी ऐकला होता. लेकीचा आवाज आईच्या गळ्यात होता, एवढंच. पण त्या घरात ज्यांना ज्यांना तो माहीत होता त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला.

पाहुण्यांना काहीच कळलं नाही. पुढच्या रांगेतला व्यापारी मागं वळून चिडून म्हणाला, "अहो, त्या बाईला म्हणावं थांबा जरा. भाषण होऊ द्या."

सत्यशीला उठली. ती बोलायला निघाली असं काकासाहेबांना वाटलं असेल. ती सरळ फोटोपाशी गेली, स्टुलावरचा पितळी पेला उचलला आणि भरल्या सभागृहातून, सगळ्यांच्या मधून, सांडू न देता ओसरीवर घेऊन आली.

"घ्या, आई."

तुळजाबाईनं पेला दोन्ही हातांनी घेतला. ओठांना लावणार, तोच तिची नजर त्याच्या लखलखीत काठावर गेली. "हे कुणाचं पाणी?"

"बेबीनंदाचं. तिच्यासाठी रोज भरून ठेवतात. फोटोपुढं."

"रोज?"

"रोज."

तुळजाबाईनं आत फोटोकडं पाहिलं. मग दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या द्वारकाबाईंकडं. त्यांच्या पायांवर दलिया सांडलेला होता, भाजलंही असेल, पण त्यांचं तिकडं ध्यान नव्हतं.

"जित्ती होती तवा देत होते का?" तुळजाबाईनं विचारलं.

पत्रे तेवढे तडकत होते. मग द्वारकाबाई तिथंच, दारात, मटकन खाली बसल्या.

"मी न्हाई दिलं," त्या म्हणाल्या. "मागून राह्यली होती. तीनदा का चारदा... मी थांब म्हणलं. टाकी हितं होती. माझ्या हातात तांब्या होता. मी पाव्हण्यांना वाढत होते न् थांब म्हणलं. मंग ती उठून गेली, मला वाटलं बरं झालं, गेली. बाई, मला वाटलं बरं झालं." त्यांनी कपाळ उंबऱ्याला टेकवलं. "रोज येती. रोज बाराला येती न् मागती. मी भरून ठेवते तरी मागतीच."

तुळजाबाई त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं, असं सत्यशीलाला पुढं कित्येकदा वाटलं. राग नव्हता. तिनं पेला सत्यशीलाच्या पुढं धरला.

"तू पी," ती म्हणाली. "तू जित्ती हायेस."

सत्यशीला प्यायली. सगळ्यांसमोर, एका दमात. पाणी कोमट होतं.

*

साडीचोळी टेबलावरच राहिली. पाहुणे लगबगीनं गाड्यांत बसले. तुळजाबाईनं दुसरं काही मागितलं नाही, फक्त फोटो मागितला. "हितं तिला करमत नसंल," म्हणाली. काकासाहेबांनी स्वतः स्टुलावर चढून तो काढला, आणि कैलासवासी लिहिलेली पाटी खाली पडली ती कुणी उचलली नाही.

संध्याकाळी त्यांनी सत्यशीलाला बोलावलं. खुर्चीत मागं रेलून बसले होते, एकाएकी म्हातारे दिसत होते.

"तू संस्थेची अब्रू घालवलीस," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"मी पाणी दिलं, काकासाहेब."

"तुला कळत नाही. हे गाव मला माहीत आहे. सगळं एकदम करायला गेलो तर गावातली पोरं यायची बंद होतील. उपाशी राहतील. त्यांचा काय गुन्हा? मी हळूहळू बदल करत होतो. तुझी नेमणूक केली, ती काय उगाच?"

"तुम्ही आम्हांला आणता," सत्यशीला म्हणाली, "पण आत घेत नाही. बेबीनंदाला आणलं, मला आणलं. ओसरीपर्यंत. ज्या मंडळात माझ्या जातीची मुलगी मुद्दाम मागवतात, त्या मंडळाच्या बैठकीत आमच्या वस्तीचं एकही माणूस नाही. टाकी रिती करायची की नाही हे ठरलं तेव्हा कुणी विचारलं आम्हांला?"

काकासाहेबांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

"मला घालवायचं असेल तर सकाळी सांगा. ठेवायचं असेल तर टाकीचा नळ सगळ्यांना मोकळा पाहिजे, पोरं एका पंगतीत पाहिजेत, आणि बैठकीत वस्तीचं माणूस पाहिजे. बोलणारं. मान हलवायला बोलावलेलं नाही."

हे सगळं ती कधी शिकली, तिला माहीत नव्हतं. खोलीत आल्यावर तिनं ट्रंक भरून ठेवली.

सकाळी काकासाहेबांकडून काहीच निरोप आला नाही. पण स्वयंपाकघराच्या दाराशी द्वारकाबाई उभ्या होत्या, भाजलेल्या पायाला हळद लावलेली. सत्यशीला सवयीनं उंबऱ्याच्या अलीकडं तांब्या ठेवायला वाकली.

"खाली ठेवू नको," द्वारकाबाई म्हणाल्या. "ये. तूच घे." आणि नळापासून बाजूला झाल्या.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. स्वयंपाकघरातल्या दोघी त्याच दिवशी काम सोडून गेल्या. द्वारकाबाईंचे दीर रामराव येऊन अंगणातूनच ओरडले, "घराची पायरी चढू नको यापुढं." द्वारकाबाईंनी आतून उत्तर दिलं, "न्हाई चढत," आणि मंडळातल्या दुसऱ्या खोलीत राहायला आल्या. गावातली पोरं यायची बंद झाली. काकासाहेब म्हणाले होते तसंच झालं. सभागृहात बौद्धवाड्यातली पोरं तेवढी बसली, भिंतीला चिकटून, भ्यालेली. आत जेवायची त्यांना सवय नव्हती. मालनबाई खडीचं काम सोडून स्वयंपाकाला आल्या. दोघी बायका एका चुलीपुढं बसायच्या आणि दिवसेंदिवस एकमेकींशी अवाक्षर बोलायच्या नाहीत. एकीनं बेबीनंदाला थांब म्हटलं होतं, दुसरीला ती सापडली होती.

मग एक मराठ्याची बाई अंगावरचं पोर घेऊन आली. ज्वारी महाग झाली होती, पोर रोडावलं होतं. दाराशी घुटमळली. मालनबाईंनी वाटी भरून पुढं केली. बाईनं वाटीकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं, आणि खाली मान घालून घेतली. तिच्यामागं हळूहळू आणखी आल्या. काही घरं मात्र कधीच परत आली नाहीत. त्यातल्या एका घरातलं लेकरू त्या पावसाळ्यात हगवणीनं गेलं. औषध मंडळात होतं. सत्यशीला ते घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेली होती आणि तिला दारातूनच परत पाठवलं होतं. ते लेकरू तिच्या मनातून पुढं कधी गेलं नाही. काकासाहेबांचं म्हणणं थोडं खरं होतं का, असं ती स्वतःला विचारायची.

एकदा भांडी घासताना तिनं द्वारकाबाईंना विचारलं, "अजून ऐकू येतं?"

"येतं की," द्वारकाबाई म्हणाल्या. "जाईल कशी ती? मी हाय तवर येणारच."

*

दिवाळीनंतर मंडळाच्या कार्यकारिणीत मालनबाईंचं नाव घातलं गेलं. काकासाहेबांनीच मांडलं, कोण काय म्हणतंय ते ऐकायला ते थांबले नाहीत. बैठक सभागृहात व्हायची, सतरंजीवर. पहिल्या बैठकीला मालनबाई सतरंजीच्या अगदी कडेला बसल्या, अर्धं अंग जमिनीवर. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या बैठकीलाही नाहीत. सत्यशीला त्यांच्या शेजारी बसायची आणि मनातून हिरमुसायची. एवढ्यासाठीच का आपण भांडलो, असं तिला वाटायचं.

माघात तिसरी बैठक झाली. दलियाची पोती, गळणारा पत्रा, असे विषय झाले. उठायची वेळ आली.

"आणखी काही?" काकासाहेबांनी विचारलं. ते नेहमी विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता चष्मा काढायचे.

"माझं हाय," मालनबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मालनबाईंनी पदर सावरला आणि सतरंजीवर नीट, पुऱ्या सरकून बसल्या.

"ही बैठक तुमी दुपारची ठेवता. बराबर बाराला. ती वेळ बदला. सांजची करा."

"का हो, मालनबाई?" एक सभासद म्हणाला. "कामाची अडचण होते का?"

"कामाची न्हाई," त्या म्हणाल्या. "मी तिला उचलून आणल्ती. हितंच, या ओसरीवर ठेवल्ती. बाराला हितं माझ्यानं बसवत न्हाई."

बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. ओसरी मोकळी होती. कुणीही तिकडं पाहिलं नाही, आणि कुणीही तिकडं पाहत नाहीये हे प्रत्येकाला कळत होतं. तो सभासद हातातली पेन्सिल फिरवत राहिला. सत्यशीलाला वाटलं, आता कुणीतरी विषय बदलेल. पत्र्याचं काढेल, पोत्यांचं काढेल.

काकासाहेबांनी चष्मा काढला नाही.

"माझ्याच्यानंही बसवत नाही," ते म्हणाले.

त्यानंतर बैठक संध्याकाळी होऊ लागली.